छोट्या संगणकाची वाढीव दारे

संगणक हे यंत्र मुळात गणित करण्यासाठी निर्माण झाले. परंतु शाळेत अथवा सार्वजनिक ग्रंथालयात त्याची उपयुक्तता ठरते ती बाहेरच्या जगाशी त्यास किती वाटांनी आणि किती भरवशाने व्यवहार करता येतो यावरून. कळफलक, माउस, पुस्तकावरील रेघांची खूण वाचणारा बारकोड स्कॅनर, पेनड्राइव्ह, प्रिंटर आणि संगणकजाळ्याची केबल ही सारी साधने यंत्राच्या कडेला असलेल्या लहानशा खाचांत जोडली जातात. या खाचांना पोर्ट म्हणतात. पोर्ट म्हणजे यंत्राचे दार. दारे थोडी आणि पाहुणे पुष्कळ अशी स्थिती झाली म्हणजे काय करावे, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय होय.

हा प्रश्न विशेषेकरून एकफलकी संगणकांच्या बाबतीत उद्भवतो. ज्याचे प्रक्रियक, स्मृती आणि जोडणीचे भाग एकाच लहानशा पाटीवर बसवलेले असतात, तो एकफलकी संगणक. २०१२ साली इंग्लंडात निघालेला रास्पबेरी पाय हा त्यांपैकी सर्वांत परिचित. तो मुळात शाळकरी मुलांसाठी तयार झाला आणि स्वस्त असल्यामुळे आपल्याकडील शाळा, महाविद्यालये आणि हौशी मंडळी यांच्या हाती आला. २०१५ साली निघालेला त्याचा सर्वांत लहान भाऊ, पाय झीरो, हा तर हाताच्या दोन बोटांवर मावतो. मात्र त्यास साधने जोडण्यासाठी यूएसबीचे एकच पोर्ट असून तारेच्या जाळ्याचे पोर्ट मुळीच नाही. कळफलक जोडला की माउसला जागा उरत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एक तर यंत्र कपाटात जाते, किंवा त्याहून महाग यंत्राची मागणी पुढे येते.

आमचे मत असे की, या दोन्ही वाटा सामान्यतः चुकीच्या आहेत. थोडक्या खर्चात पोर्ट वाढवता येतात. परंतु ते वाढवण्यापूर्वी प्रत्येक पोर्टाच्या मागे कोणती वाट आहे आणि तीवरून किती माहिती व किती वीज जाऊ शकते, याचा हिशेब करणे आवश्यक आहे. हा हिशेब शाळेतील मुलांना करता येण्याजोगा आहे आणि त्यांच्याकडूनच तो करवून घ्यावा.

जबलपूरचा जुना धडा

या हिशेबाचे तत्त्व नवे नाही. जबलपूर येथे १९४२ साली दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते भारतरत्न डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते आणि भारत संचार निगमाची प्रमुख प्रशिक्षण संस्था म्हणून काम करते. पुढे १९४७ साली याच नगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. देशाच्या मध्यभागी वसलेल्या या शहरात टेलिफोनचे तंत्रज्ञ आणि अभियंते जी विद्या शिकत आले, तिच्या पायाशी एक साधा प्रश्न होता: गावात शेकडो ग्राहक असताना दुसऱ्या गावाकडे जाणाऱ्या तारा किती टाकाव्यात?

प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र तार टाकणे परवडत नाही. सर्व ग्राहक एकाच क्षणी बोलत नाहीत, म्हणून थोड्या तारांवर पुष्कळांचे काम भागते. पण तारा फारच थोड्या असतील तर लोक ताटकळत बसतात. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिल्याच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकल्या असतील. तो या गणिताचाच परिणाम होता. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये ग्राहकाने स्वतः दूरचा क्रमांक फिरवण्याची सोय देशात प्रथम झाली. परंतु त्यानेही दोन गावांमधील तारांची संख्या हा प्रश्न मिटला नाही. डेन्मार्कचे गणिती एरलांग यांनी १९०९ साली या प्रश्नाचा संभाव्यतेच्या गणिताने विचार केला आणि दूरध्वनीवरील रहदारी मोजण्याचे एकक आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

टेलिफोन केंद्रातील ग्राहकांच्या जोडण्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा यांत जो भेद आहे, तोच भेद संगणकाचे पोर्ट आणि त्यामागील वाट यांत आहे. पोर्ट वाढवणे म्हणजे ग्राहक वाढवणे होय. त्यामुळे बाहेरची तार आपोआप रुंद होत नाही.

एक वाट, अनेक दारे

यूएसबी ही जोडणीची पद्धत १९९६ साली प्रसिद्ध झाली. ती घडवणाऱ्या अभियंत्यांत अजय भट्ट यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. ज्या सयाजीराव महाराजांनी १९१० च्या सुमारास आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला, त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी या कामी असावा, ही ग्रंथालयांच्या वाचकांना आनंद देणारी गोष्ट आहे.

या पद्धतीत एक संगणक यजमान असतो आणि बाकीची साधने पाहुणे. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत नियम असा की, यजमानाने विचारल्यावाचून पाहुण्याने बोलावयाचे नाही. यजमान क्रमाने प्रत्येकाला विचारत जातो. हब नावाचे उपकरण एका पोर्टाचे चार किंवा सात पोर्ट करते. हबला दुसरा हब जोडता येतो; मात्र यजमान आणि साधन यांच्यामध्ये पाचांहून अधिक हब चालत नाहीत आणि एका यजमानाशी हबांसह १२७ साधनांपलीकडे संबंध ठेवता येत नाही. तथापि किती हब जोडले तरी त्या सर्वांचे बोलणे शेवटी एकाच पोर्टातून आत जाते. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या वाटेचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि तोही सर्व साधनांनी मिळून वापरावयाचा. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो सेकंदाला ५ गिगाबिट, म्हणजे दहापटीहून अधिक झाला.

रास्पबेरी पायचाच इतिहास पाहिला तर हे तत्त्व नीट ध्यानी येते. २०१२ सालच्या पायवर यूएसबीची दोन पोर्ट आणि तारेच्या जाळ्याचे एक पोर्ट होते. पाहणाऱ्यास ती तीन स्वतंत्र दारे वाटत. वस्तुतः मुख्य प्रक्रियकातून यूएसबीची एकच वाट बाहेर येत होती आणि पाटीवरील एक लहानशी चिप तिचे तीन फाटे करीत होती. २०१४ साली यूएसबीची पोर्ट दोनांची चार झाली. वाट मात्र तीच राहिली. २०१८ साली जाळ्याच्या पोर्टावर गिगाबिट असे नाव आले, पण मागे जुनीच वाट असल्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३०० मेगाबिटच मिळत. २०१९ सालच्या चौथ्या पायमध्ये जाळ्याच्या पोर्टाला प्रथमच स्वतंत्र वाट मिळाली आणि यूएसबीची चार पोर्ट दुसऱ्या वेगवान वाटेवर गेली. २०२३ सालच्या पाचव्या पायमध्ये ती वाट आणखी रुंद झाली. शिवाय त्यावर पीसीआय एक्सप्रेस नावाची अंतर्गत वाट एका लहान जोडणीतून बाहेर काढलेली असून तीवर जाळ्याचे आणखी एक वेगवान पोर्ट बसवता येते.

यावरून काय घ्यावे? दोन कामांसाठी दोन निरनिराळ्या गरजा आहेत. कळफलक, माउस, स्कॅनर यांचे बोलणे अत्यल्प असते. एका कळीच्या दाबाने काही थोडे अंक जातात. अशी दहा साधने एका साध्या हबवर सुखाने नांदतात. पण दोन बाह्य डिस्क एकाच हबवर ठेवून एकीतून दुसरीत चित्रफिती उतरवू लागलो, तर प्रत्येक अंक त्याच वाटेने आत येतो आणि त्याच वाटेने बाहेर जातो; साहजिकच वेग निम्म्यावर येतो. मंद साधने हबवर आणि वेगवान साधने शक्य तितकी थेट यंत्रावर, हा पहिला नियम होय.

विजेचा हिशेब

पोर्टातून माहितीबरोबर वीजही वाहते आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार एका पोर्टातून ५ व्होल्टच्या दाबाने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. ज्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नाही, तो यांतील १०० स्वतःसाठी राखतो आणि चार पोर्टांना प्रत्येकी १०० देतो. एवढ्यावर कळफलक चालेल, डिस्क चालणार नाही. वेगळा वीजपुरवठा असलेला चांगला हब प्रत्येक पोर्टाला पूर्ण ५०० देऊ शकतो.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. चौथ्या पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. पाचव्या पायला ५ अँपिअरचा पुरवठा असेल तर १.६ अँपिअर मिळतात. तो तीन अँपिअरचा असेल तर यंत्र ही मर्यादा आपण होऊन ०.६ अँपिअरवर आणते. मोबाइलचा जुना चार्जर लावून संगणक चालू झाला म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजणे योग्य नव्हे.

येथे ओहमचा नियम कामास येतो. चार्जरची तार बारीक असून तिचा जाता-येता रोध ०.२ ओहम आहे असे समजा. तिच्यातून २ अँपिअर प्रवाह वाहिला तर दोन गुणिले ०.२, म्हणजे ०.४ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. ५ व्होल्टपैकी यंत्रापर्यंत ४.६ पोहोचतात. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली दाब उतरताच सूचना देतो आणि आपला वेग कमी करतो. मग यंत्र मंद झाले, डिस्क अधूनमधून नाहीशी होते, असे म्हणून शिक्षक यंत्राला दोष देतात. दोष मात्र तारेचा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील साध्या मीटरने हे दाखवता येते. ओहमचा नियम फळ्यावर शिकवण्यापेक्षा असा शिकवला तर तो विद्यार्थ्याच्या अधिक लक्षात राहील.

आणखी एक सावधगिरी. काही हलक्या प्रतीचे हब आपली वीज उलट दिशेने संगणकात सोडतात. संगणकाची तार काढली तरी त्यावरील दिवा जळत राहिला, तर हब सदोष आहे असे समजून तो बाजूस ठेवावा.

तारेचे जाळे कशासाठी?

आज बहुतेक एकफलकी संगणकांत बिनतारी वाय-फाय असते. मग तार हवीच कशाला, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर असे की, हवा ही सर्वांची सामाईक वाट आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात. एका वर्गात तीस यंत्रे एकदम चालू झाली की त्यांना आळीपाळीने बोलावे लागते. त्यात यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीचे हब आणि केबल नेमक्या याच पट्ट्यात विद्युत्‌गोंगाट करतात; हबशेजारी बिनतारी माउसचा खुंट लावला असता माउस अडखळतो, तो यामुळेच. तारेच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला स्वतःची वाट मिळते. पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असलेली साधी केबल १०० मीटरपर्यंत हे काम चोख करते. मेट्‌काफ यांनी १९७३ साली आरंभलेली ईथरनेट ही पद्धत इतक्या वर्षांनंतरही टिकून आहे, यामागे हाच भरवसा आहे.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दहा संगणक जाळ्यात जोडावयाचे तर मुख्य संगणकाला दहा पोर्ट लागत नाहीत. एक पोर्ट आणि त्यापुढे स्विच नावाचे स्वस्त उपकरण एवढे पुरते. एखाद्या ग्रंथालयाने पाठ्यपुस्तके, मराठी विकिपीडियाची इंटरनेटशिवाय वाचता येणारी प्रत आणि ग्रंथसूची एका छोट्या संगणकावर ठेवून ती वाचनालयातील सर्व यंत्रांना पुरवावयाची ठरवली, तर हीच रचना योग्य होय. किविक्स नावाच्या मुक्त प्रणालीने हे आज साध्य झाले आहे आणि इंटरनेट बंद पडले तरी वाचकाचे काम अडत नाही.

दुसरे पोर्ट लागते ते संगणकाला दोन जाळ्यांच्या मध्ये द्वारपाल म्हणून उभे करावयाचे असेल तेव्हा. बाहेरचे इंटरनेट एका पोर्टात, वाचनालयाचे जाळे दुसऱ्यात, आणि कोणी काय आत-बाहेर न्यावे याचा निर्णय मधल्या संगणकाने करावयाचा. यासाठी यूएसबीवर लावता येणारे जाळ्याचे अ‍ॅडॉप्टर मिळतात. यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या पोर्टावर असे अ‍ॅडॉप्टर गिगाबिटचे काम नीट करते. दुसऱ्या आवृत्तीच्या पोर्टावर तेच अ‍ॅडॉप्टर अडखळेल. परंतु शाळेचे इंटरनेट मुळात सेकंदाला १०० मेगाबिटांचे असेल, तर तेवढे पुरेसे आहे. रुंद वाट कोठे हवी हे सर्वांत अरुंद ठिकाण पाहून ठरवावे. खिंडीत अडकलेल्या गाड्यांना पुढचा रस्ता रुंद करून उपयोग होत नाही.

वीज आणि आकाश

मध्य भारतात आणखी एका गोष्टीचा विचार करणे भाग आहे. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदींत मध्य प्रदेशाचे नाव वारंवार अग्रभागी येते. ज्या आकाशातून माणसावर वीज पडते, त्याच आकाशाखाली आपण दोन इमारतींमध्ये तांब्याच्या केबल ओढत असतो. ईथरनेटच्या प्रत्येक पोर्टात लहानसे रोहित्र असून ते १५०० व्होल्टपर्यंत पृथक्करण राखते. रोजच्या व्यवहारास हे पुष्कळ आहे. जवळ पडलेल्या विजेपुढे ते टिकत नाही. म्हणून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाळे न्यावयाचे झाल्यास तांब्याऐवजी काचतंतूची केबल वापरावी. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. पावसाळ्यात ढगांचा गडगडाट सुरू होण्यापूर्वीच यंत्रांच्या तारा काढून ठेवण्याची शिस्तही असावी. तसेच वैशाखात जबलपूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. हब आणि अ‍ॅडॉप्टर ही लहान असली तरी तापतात; त्यांना बंद पेटीत एकावर एक रचू नये.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? आरंभीच चार पोर्टांचा मोठा संगणक घ्यावा. हा आक्षेप निराधार नाही. जेथे नवी खरेदी व्हावयाची आहे आणि काम जड आहे, तेथे मोठे यंत्र घेणेच शहाणपणाचे. लहान यंत्राची किंमत, हब, वेगळा वीजपुरवठा आणि अ‍ॅडॉप्टर यांची बेरीज कित्येकदा मोठ्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते. ती बेरीज खरेदीपूर्वी कागदावर करावी. परंतु जे यंत्र कपाटात आधीच पडून आहे, त्याच्या बाबतीत हिशेब निराळा होतो. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या रूपाने देशभरच्या शाळांत विद्यार्थ्यांनी स्वतः यंत्रे हाताळावीत असा उपक्रम चालू आहे. हाताळणे म्हणजे तयार यंत्राचे बटण दाबणे इतकेच असेल, तर त्या उपक्रमाचा अर्थच उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मुलांच्या हाती दिले तर मोडेल. क्वचित मोडेलही. पण पाच व्होल्टच्या बाजूला इजा होण्याची भीती जवळजवळ नसते. भिंतीतील २३० व्होल्टच्या बाजूला मात्र शिक्षकांखेरीज कोणी हात लावू नये. ही सीमा आखून दिली की बाकीचे काम विद्यार्थ्यांवर सोपवण्यास हरकत नाही. शिक्षकाने सर्व जोडून ठेवलेले यंत्र एक दिवस बंद पडते आणि मग ते कोणालाच दुरुस्त करता येत नाही, हे नुकसान एखाद्या मोडलेल्या हबपेक्षा पुष्कळ मोठे आहे.

काय करावे?

शाळांनी आणि ग्रंथालयांनी पुढील क्रम अवलंबावा, असे आम्हांस वाटते. प्रथम जोडावयाच्या साधनांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे दोन आकडे लिहावेत: त्यास लागणारी वीज आणि त्याचा वेग. वीज साधनावरील चिठ्ठीवर बहुधा छापलेली असते. विजेची बेरीज यंत्राच्या मर्यादेहून अधिक झाली, तर वेगळ्या वीजपुरवठ्याचा हबच घ्यावा. हब कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाहावे. पोर्टांची संख्या शेवटी पाहावी. जोडणी झाल्यावर लिनक्समधील एलएसयूएसबी ही आज्ञा चालवून कोणते साधन कोणत्या फांदीवर आहे, हे झाडाच्या आकृतीसारखे पाहून घ्यावे आणि ती आकृती वहीत उतरवावी. जाळ्याचा वेग आयपर्फ या प्रणालीने मोजावा: एकदा सर्व साधने स्वस्थ असताना, एकदा डिस्क चालू असताना. दोन आकड्यांतील अंतर म्हणजेच सामाईक वाटेची किंमत. ही वही यंत्राशेजारीच ठेवावी, म्हणजे शिक्षक किंवा ग्रंथपाल बदलले तरी ज्ञान जाग्यावर राहील.

खरेदी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही आमची एक विनंती आहे. निविदेत केवळ पोर्टांची संख्या लिहू नये. प्रत्येक पोर्टाची आवृत्ती, सर्व पोर्टांना मिळून मिळणारी वीज आणि जाळ्याच्या पोर्टाची वाट स्वतंत्र आहे की सामाईक, या तीन गोष्टींचा त्यात उल्लेख असावा. तीन ओळींचे हे काम आहे. त्या लिहिल्या गेल्या नाहीत, तर कागदावर परिपूर्ण आणि वर्गात निरुपयोगी अशी यंत्रे येत राहतील. आणि त्यांचा भार ज्यांना दुसरे यंत्र घेणे शक्य नाही, अशा लहान शाळांवरच सर्वाधिक पडेल.